डीएलएल वाचणं म्हणजे हॅकिंग नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पत्रव्यवहाराच्या पानावर एका निवृत्त प्राध्यापकांचं पत्र आलं आहे. कारखान्यातल्या यंत्राबरोबर आलेलं सॉफ्टवेअर उघडून त्यातली फंक्शन्स, म्हणजे नेमून दिलेलं एकेक काम करणारे प्रोग्रॅमचे तुकडे, परस्पर वापरणं ही सायबर चोरी आहे, पॉलिटेक्निकची पोरं असले उद्योग शिकतात, कारखानदार पैसे देऊन ते करून घेतात आणि हे थांबलं पाहिजे, असा एकूण सूर. सरांनी कुणाचं नाव घेतलेलं नाही, पण ज्या धंद्याबद्दल ते लिहितात तो माझाच धंदा आहे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं छोटं दुकान आहे. फौंड्री आणि मशीनशॉपवाल्यांची यंत्रं त्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला जोडून देणं, एवढंच आम्ही करतो. म्हणून उत्तर देणं भाग आहे. जरा लांबेल. कात्री लावायचीच झाली तर कायद्याचा भाग तेवढा ठेवावा.

आधी आम्ही नेमकं काय करतो ते सांगतो, कारण सरांच्या पत्रात ‘उघडून’ या शब्दापलीकडे त्याचं वर्णनच नाही.

शिरोली एमआयडीसीतली एक फौंड्री. लॅबमध्ये स्पेक्ट्रोमीटर आहे. भट्टीतून पळीभर रस घ्यायचा, तांब्याच्या साच्यात ओतून बिल्ल्यासारखा नमुना पाडायचा, ग्राइंडरवर त्याचं तोंड घासायचं, यंत्रावर ठेवायचा आणि आरगॉन वायूत त्याच्यावर स्पार्क मारायचा. थोड्याच वेळात पडद्यावर कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, गंधक, फॉस्फरस, मॅग्नेशियम यांचे टक्के येतात. इथवर यंत्र उत्तम. पुढे लॅबमधला पोरगा ते आकडे रजिस्टरात उतरवतो, रजिस्टरातून एक्सेलमध्ये, एक्सेलमधून टेस्ट सर्टिफिकेटवर. एसजी आयर्न या ओतीव लोखंडाच्या प्रकारात मॅग्नेशियम साधारण ०.०३ ते ०.०५ टक्क्यांत ठेवायचं असतं. रात्रपाळीला ०.०३४ चे ०.०४३ व्हायला काय लागतं? कास्टिंग गिऱ्हाइकाकडे पोचतं, तिथल्या लॅबमध्ये आकडा जुळत नाही, आणि सगळा लॉट रिजेक्ट होऊन परत शिरोलीला येतो.

यंत्राच्या सॉफ्टवेअरमध्ये निकाल छापायची सोय होती, बाहेर पाठवायची नव्हती. डीलरकडे मागणी केली. आधी त्यानं ‘इंटिग्रेशन मॉड्यूल’ म्हणून एक किंमत सांगितली. ती वाचून मालकांनी चहा मागवला. तरी हो म्हणाले, तर पुढचं उत्तर आलं की हे मॉडेल आता बंद झालं, मॉड्यूल मिळणार नाही, नवीन यंत्र घ्या. चालू स्थितीतलं यंत्र भंगारात घालायचं, आणि कशासाठी, तर सहा आकडे एका फाइलमधून दुसऱ्या फाइलमध्ये जात नाहीत म्हणून.

त्या सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये एक डीएलएल, म्हणजे लायब्ररी फाइल होती. डीएलएल स्वतःहून चालत नाही. दुसऱ्या प्रोग्रॅमनं बोलवावीत म्हणून त्यात फंक्शन्स ठेवलेली असतात. हेडर फाइल (फंक्शनला काय द्यायचं आणि परत काय मिळतं ते लिहिलेली फाइल), मॅन्युअल, मदतीचं एखादं पान, काहीच बरोबर नव्हतं. पण कुठल्या फंक्शनला बोलवता येतं याची यादी त्या फाइलच्याच आत असते, आणि ती तिथं असावीच लागते. विंडोज एखादी लायब्ररी मेमरीत घेतं तेव्हा अमुक नावाचं फंक्शन नेमकं कुठल्या पत्त्यावर आहे हे त्याला त्या यादीतूनच कळतं. हिला एक्स्पोर्ट टेबल म्हणतात. नावं, क्रमांक आणि पत्ते असे तिचे तीन भाग असतात. बनवणाऱ्यानं मनात आणलं तर नावं गाळून नुसते क्रमांक ठेवता येतात, पण ठेवावं काहीतरी लागतंच. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या व्हिज्युअल स्टुडिओबरोबर डंपबिन नावाचं टूल येतं, त्याला ‘एक्स्पोर्ट्स’ दाखव म्हटलं की ही यादी पडद्यावर येते. लिनक्सवर हेच काम एनएम नावाचं टूल करतं. ना पासवर्ड, ना कुलूप. सर ज्याला ‘उघडणं’ म्हणतात ते इथवर एवढंच आहे.

यादीत नावं मिळाली म्हणजे काम झालं असं मात्र नाही. फंक्शनला किती गोष्टी द्यायच्या, कुठल्या क्रमानं, आणि परत काय मिळणार, हे नावावरून कळत नाही. पण थोडंफार कळतं, आणि खरं कसब तिथंच आहे. जुन्या ३२-बिट लायब्रऱ्यांत कितीतरी नावं ‘_गेटलास्टरिझल्ट@१२’ अशा थाटाची असतात (हे नाव मी मुद्दाम बदलून लिहिलं आहे). शेवटचा १२ म्हणजे आवृत्ती नव्हे. या फंक्शनला बारा बाइटचा माल द्यावा लागतो, असं कंपायलरनं, म्हणजे प्रोग्रॅमचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरनं, लिहून ठेवलंय. पूर्णांक किंवा मेमरीतला पत्ता चार बाइटचा, म्हणजे तीन गोष्टी. किंवा एक पूर्णांक आणि आठ बाइटची एक दशांश संख्या. फंक्शन निकाल ‘आणणारं’ आहे, म्हणून पहिली शक्यता जास्त: यंत्राचा हँडल (कुठलं यंत्र ते सांगणारी खूण), निकाल ठेवायच्या जागेचा पत्ता आणि त्या जागेची लांबी. कधी बनवणारे तो आकडा नावातून काढून टाकतात. मग फंक्शनच्या अगदी शेवटच्या सूचनेकडे बघायचं. तिथं ‘रिटर्न १२’ असेल तर गोष्ट तीच. सी-प्लसप्लसमधली नावं प्रश्नचिन्हानं सुरू होतात आणि वाचायला किचकट असतात, पण त्यांत प्रत्येक गोष्टीचा प्रकारच लिहिलेला असतो. सोडवून दाखवणारं टूल मायक्रोसॉफ्टचंच आहे. आणि यादीत ‘डीएलएलरजिस्टरसर्व्हर’ धरून चारच नावं दिसली तर निराश व्हायचं कारण नाही, ती ‘कॉम’ या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅम जोडण्याच्या पद्धतीची लायब्ररी असते. बहुतेक वेळा तिच्या पोटात टाइप लायब्ररी मिळते, आणि तीत सगळं नावागावासकट लिहिलेलं असतं. डॉट नेट या मायक्रोसॉफ्टच्याच दुसऱ्या पद्धतीची लायब्ररी असेल तर काम त्याहून सोपं.

दुसरी एक युक्ती नव्या पोरांना मी पहिल्याच दिवशी सांगतो. कंपनीचा मूळ प्रोग्रॅम, म्हणजे ईएक्सई, त्याचीही एक यादी असते: मी बाहेरून कुठली फंक्शन्स मागवतो त्याची. दोन याद्या शेजारी ठेवायच्या. दोन्हींत जी नावं आहेत ती रोज वापरात आहेत, त्यांच्यापासून सुरुवात करायची. लायब्ररीत आहेत पण प्रोग्रॅम ज्यांना कधी हाक मारत नाही, ती बहुधा कारखान्यातल्या किंवा सर्व्हिस इंजिनिअरच्या कामाची. त्यांच्या वाटेला जायचं नाही. नावात ‘सेट’, ‘राइट’, ‘इरेज’, ‘कॅलिब्रेट’ दिसलं की हात मागे. स्पेक्ट्रोमीटरचे कॅलिब्रेशन कर्व्ह उडाले तर प्रमाणित नमुने आणून सगळं यंत्र पुन्हा बसवावं लागतं, आणि तोवर भट्टी कुणाच्या भरवशावर चालवायची? म्हणून आधी डिस्कची पूर्ण प्रत काढायची, ती दुसऱ्या संगणकावर चढवायची आणि प्रयोग तिथं करायचे. यंत्राशी गाठ सगळ्यात शेवटी, तीही सुट्टीच्या दिवशी, मालक समोर असताना.

प्रयोग कसा होतो तेही सांगतो. सरांना त्यात चोरी कुठं दिसते ते त्यांनी दाखवावं. पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतून लायब्ररी मेमरीत घ्यायची. इथं नवखी पोरं हमखास अडकतात: लायब्ररी ३२-बिटची आणि पायथॉन ६४-बिटचं असलं की ‘ही फाइल योग्य नाही’ अशा अर्थाची १९३ नंबरची एरर येते, आणि पोरगं फाइलच बिघडली समजून ती पुन्हा कॉपी करत बसतं. ३२-बिट पायथॉन घातलं की प्रश्न मिटतो. मग मोठी, म्हणजे गरजेहून कितीतरी मोठी जागा राखायची आणि ती पूर्ण ‘एक्स’ या अक्षरानं भरायची. फंक्शनला त्या जागेचा पत्ता द्यायचा, हाक मारायची आणि काय बदललं ते बघायचं. जिथं अजून ‘एक्स’ आहे तिथं फंक्शन पोचलेलं नाही, जिथं नाही तिथं त्यानं लिहिलंय. आता पडद्यावर तोच निकाल दिसत असतो, म्हणजे उत्तर आपल्याला आधीच माहीत असतं. समजा कार्बन नेमका ३.५ आला. आठ बाइटच्या दशांश संख्येत ३.५ म्हणजे सहा शून्य बाइट, मग ‘०सी’, मग ‘४०’. तो तुकडा राखलेल्या जागेत सापडला, त्याच्या आधी ‘सी’ हे अक्षर सापडलं, आणि तेवढ्याच अंतरावर पुढं ‘एसआय’ आणि सिलिकॉनचा आकडा. बस्स, रचना कळली. जुनी पायथॉन तर याहून मदत करायची: तीन गोष्टींऐवजी दोनच दिल्या तर ‘चार बाइट कमी पडले’ असं सरळ सांगायची.

आज त्या फौंड्रीत स्पार्क झाला की आकडे हीट नंबरासकट, म्हणजे भट्टीच्या त्या घाण्याच्या क्रमांकासकट, थेट सर्टिफिकेटमध्ये जातात. कंपनीच्या सॉफ्टवेअरमधला एक बाइटही आम्ही बदललेला नाही. त्याचं लायसन्स मालकाचं आहे, डाँगल, म्हणजे लायसन्सची संगणकाला लावायची किल्ली, त्याच्या जागी लावलेलाच आहे.

आता कायदा. सरांनी ‘आयटी कायद्यानुसार गुन्हा’ असं लिहिलंय, कलम दिलेलं नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० यातलं कलम ४३ संगणकाच्या मालकाच्या किंवा तो ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या परवानगीशिवाय केलेल्या गोष्टींबद्दल आहे. इथं संगणक फौंड्रीचा, काम सांगणारा फौंड्रीचा मालक. राहिला कॉपीराइट. कॉपीराइट कायदा, १९५७ यात १९९९ साली दुरुस्ती झाली आणि ती जानेवारी २००० पासून लागू आहे. कॉपीराइटचा भंग कशाला म्हणायचं नाही याची यादी कलम ५२ मध्ये आहे, त्यात या दुरुस्तीनं ‘एबी’ हा खंड घातला. त्याचा मतलब असा: संगणक प्रोग्रॅम ज्याच्याकडे कायदेशीररीत्या आहे त्यानं, स्वतंत्रपणे तयार केलेला दुसरा प्रोग्रॅम त्याच्याशी जोडून चालावा यासाठी लागणारी माहिती मिळवायला आवश्यक ती कृती केली, तर तो भंग नाही. अट एकच, ती माहिती अन्यथा सहज उपलब्ध नसावी. पुढचा ‘एसी’ खंड प्रोग्रॅमचं काम बघून, अभ्यासून, तपासून त्यामागची तत्त्वं समजून घेण्याला मोकळीक देतो. ही दुरुस्ती कुठल्या हॅकर मंडळींनी केलेली नाही, आपल्या संसदेनं केलेली आहे.

त्या अटीपायी आमच्या दुकानात एक शिस्त आहे. कुठल्याही लायब्ररीला हात लावण्याआधी कंपनीला आणि डीलरला मेल जातो: या फाइलची हेडर किंवा कागदपत्रं द्या, रीतसर पैसे घ्या. उत्तर आलं तर उत्तमच, आमचं अर्धं काम वाचतं. नाही आलं किंवा नकार आला तर तो मेल फाइलला लागतो. ‘सहज उपलब्ध नाही’ याचा कागद आमच्याकडे असतो.

एक अडचण खरी आहे, ती सांगायला हवी. लायसन्सच्या बारीक अक्षरांत ‘रिव्हर्स इंजिनिअरिंग (तयार प्रोग्रॅमवरून त्याची रचना शोधून काढणं) करणार नाही’ असं कलम असतं आणि इन्स्टॉल करताना आपण ‘मान्य’ दाबलेलं असतं. युरोपात संगणक प्रोग्रॅमविषयीच्या १९९१ च्या कायदेशीर निर्देशातच लिहून टाकलंय की दोन प्रोग्रॅम जोडण्यासाठी दिलेला हा हक्क करारानं काढून घेता येत नाही, तसं कलम रद्दबातल. आपल्या कायद्यात हे वाक्य नाही. ते असावं, यासाठी सरांनी पत्र लिहिलं असतं तर खाली माझीही सही असती. कुलूप तोडण्याचं मी समर्थन करत नाही. डाँगल फोडून एका लायसन्सवर चार संगणक चालवणं, कॅडचं क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर वापरणं, हे आमच्याच भागात राजरोस चालतं आणि ती चोरीच आहे. तिच्याविरुद्धही लिहा, जरूर लिहा. पण ती आणि ही गोष्ट एकाच पिशवीत घालू नका.

सरांचा दुसरा मुद्दा, विद्यार्थ्यांना हे शिकवू नये. मग संगणकाच्या जगातलं बरंच काही पुसावं लागेल. डॉसच्या पीसीवरून युनिक्स सर्व्हरवरच्या फाइली वापरता याव्यात म्हणून ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१-९२ च्या सुमारास जे काम सुरू केलं, त्यातूनच पुढं विंडोज आणि लिनक्स यांच्यात फाइलींची देवाणघेवाण करून देणारं सांबा झालं. तारेवरून जाणारे संदेश बघून, कुठल्या प्रश्नाला काय उत्तर येतं हे ताडून ते लिहिलं गेलं. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालावेत म्हणून १९९३ पासून चाललेला वाइन हा प्रकल्प तर विंडोजच्या लायब्रऱ्यांची नावं घेऊन त्यामागचं काम नव्यानं लिहितो, एकेक फंक्शन करत. व्हायरस पकडणारी मंडळी संशयास्पद फाइल हातात आली की पहिल्यांदा त्याच दोन याद्या बघतात ज्या मी वर सांगितल्या. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेनं तयार प्रोग्रॅम उलगडून दाखवणारं आपलं घिड्रा हे टूल २०१९ साली जगाला फुकट दिलं, आणि आमच्याकडची पोरं ते वापरून शिकतात. ज्याला तयार प्रोग्रॅम वाचता येत नाही तो सुरक्षेचं काम तरी कसं करणार?

आणि कोल्हापुरात राहून हा आक्षेप घ्यावा याचं मला जास्त आश्चर्य वाटतं. उद्यमनगर उभं राहिलं ते ड्रॉइंग नसताना. परदेशी इंजिनाचा झिजलेला पार्ट टेबलावर ठेवायचा, कॅलिपर लावायचा, कुठली बाजू घासली आहे आणि कुठली मूळची आहे हे डोक्यानं ठरवायचं आणि नवीन पार्ट असा बनवायचा की तो इंजिनात बसला पाहिजे. त्या मिस्त्रींना कुणी चोर म्हटलं नाही. आज पार्टऐवजी लायब्ररी आहे आणि कॅलिपरऐवजी डंपबिन. वीस वर्षांच्या पोराला ती वाचता येत असेल तर त्याला पगार जास्त मिळतो, एवढाच फरक मला दिसतो.

खरं तर हे काम कमीत कमी करावं लागावं असंच मला वाटतं. आठवडा आठवडा बाइट मोजत बसण्यात कसली हौस? हेडर फाइल दोन-तीन पानांची असते, ती कंपनीकडे तयारच असते, तिच्याशिवाय त्यांचा स्वतःचा प्रोग्रॅमसुद्धा बनला नसता. प्रश्न मागण्याचा आहे, आणि मागण्याची वेळ चुकते. आपला कारखानदार यंत्र घेताना टनेज विचारतो, अचूकता विचारतो, वॉरंटी विचारतो, डिस्काउंटसाठी दोन तास बसतो. यंत्राचा डेटा बाहेर कसा काढायचा हे विचारायचं त्याला सुचतं ते बसवणारा इंजिनिअर परत गेल्यावर.

म्हणून उद्योजक संघटनांना माझी एक सूचना आहे. स्पेक्ट्रोमीटर असो, टेन्साइल टेस्टिंग मशीन असो की हजेरीचं यंत्र, परचेस ऑर्डरच्या छापील नमुन्यात एक ओळ कायमची घाला: ‘यंत्रासोबतच्या सर्व लायब्रऱ्यांच्या हेडर फाइल, फंक्शन्सचं वर्णन आणि एक चालू नमुना प्रोग्रॅम देणं बंधनकारक, हे मिळाल्याशिवाय शेवटचे दहा टक्के अदा होणार नाहीत.’ आमच्या एका गिऱ्हाइकानं मागच्या खरेदीत ही ओळ घातली. डीलर आधी म्हणाला अशी कागदपत्रं कंपनी देतच नाही, मग म्हणाला गोपनीय आहेत, मग म्हणाला विचारून सांगतो. चेक अडकल्यावर चौथ्या दिवशी पीडीएफ आली. त्यात दोन फंक्शन्सची वर्णनं चुकीची आहेत, पण ते आम्ही बघून घेऊ.

आपला,
एक वाचक
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर

(गिऱ्हाइकांचे व्यवहार गुंतलेले असल्यानं नाव छापू नये, ही विनंती. प्राध्यापक सरांना दुकानात यायचं असेल तर आपल्या कार्यालयाकडून माझा पत्ता त्यांना जरूर द्यावा.)